रामकुंडावरची वही, निफाडची बाग आणि मुक्कामाला न थांबणारी आत्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. नायिका रेवा, एकतीस वर्षांची, पुण्यात आयटीत नोकरीला. आजी गेल्यावर ती जुन्या नाशकातल्या वाड्यात येते. तिथे निफाडचा द्राक्षबागायतदार अजिंक्य भेटतो आणि प्रेम जमतं. मग आजीच्या ट्रंकेत पत्रांचा गठ्ठा सापडतो आणि कळतं की शैलाआत्या हीच रेवाची खरी आई, तर जन्मदाता म्हणजे अजिंक्यचा वारलेला चुलता. धक्का, दुरावा, समेट, आणि शेवटी रेवा नाशकातच राहते. ज्या मैत्रिणींनी कच्चा खर्डा वाचला त्या म्हणतात की प्रेमकथा आवडली, पण गुपित मालिकेतलं वाटतं आणि शेवट पटत नाही. काय दुरुस्त करावं?

मी बरीच वर्षं कादंबऱ्या लिहितो आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवर काम करतो. राहायला नाशकातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जे ताबडतोब बदलायला हवं ते सांगतो. जन्मदाता अजिंक्यचा चुलता असेल तर रेवा आणि अजिंक्य सख्खी चुलत भावंडं होतात. आते-मामे भावंडांची लग्नं आपल्याकडे बऱ्याच समाजांत होतात, चुलत भावंडांची होत नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार ती सपिंड, म्हणजे लग्नाला बंदी असलेली जवळच्या रक्ताची, ठरतात, आणि त्या नात्यात अनौरस रक्तसंबंधही धरला जातो. रेवाला रीतसर दत्तक घेतलं होतं असं दाखवलंत तरी सुटका नाही, कारण १९५६ च्या दत्तक कायद्याप्रमाणे जन्माच्या घराण्यातली विवाहाची बंदी दत्तक गेल्यावरही कायम राहते. तुमच्या शेवटच्या प्रकरणात ज्यांचं लग्न ठरतं त्यांना कायद्याने लग्नच करता येत नाही. वाचकाला कलमं ठाऊक नसतात, पण हे नातं त्याला दुसऱ्या मिनिटाला दिसतं आणि त्यानंतर तो प्रेमकथा वाचत नाही, रक्ताचा हिशेब करत बसतो. तेव्हा तो चुलता काढून टाका. जन्मदाता कुणी तरी साधा माणूस असू द्या, सातपूरच्या एखाद्या कारखान्यात शिकाऊ म्हणून आलेला आणि नंतर गाव सोडून गेलेला. त्याचा शोध घेणारं प्रकरण लिहू नका. ही कादंबरी त्याची नाही.

मग कुणाची आहे? प्रेम, घराण्यातलं गुपित आणि घर सापडणं ही तुम्ही तीन वेगवेगळी सूत्रं धरली आहेत आणि एकेक प्रकरण आळीपाळीने त्यांना वाटून दिलं आहे. खर्डा तिथे विस्कटतो. माझ्या मते या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: घरात कुणाला जागा मिळाली, आणि ती मिळावी म्हणून कुणाची गेली. आपल्या घरांतली बहुतेक गुपितं खणली की तळाशी हेच निघतं. कुणाचं तरी नाव लागलं नाही, कुणाला तरी माघारी यायची सोय उरली नाही, कुणी तरी वाटा सोडला आणि का सोडला ते कुणी विचारलं नाही. प्रेमकथेतही दोन माणसं एकमेकांना आपल्या आयुष्यात जागा करून देतात की नाही, एवढंच तर आपण शेवटपर्यंत बघत असतो. हा प्रश्न हाती धरलात तर गुपित, प्रेम आणि घर एकमेकांचे धागे ओढायला लागतील.

आता ट्रंकेतली पत्रं. ज्या बाईने लेकीचं बाळंतपण गावापासून लपवलं, मुलाच्या आणि सुनेच्या नावावर नात वाढवली, तिने त्याबद्दल पत्रं लिहिली आणि तीस वर्षं ट्रंकेत जपून ठेवली, हे मला पटत नाही. तुमच्या मैत्रिणींना जे मालिकेतलं वाटलं ते मुळात हेच आहे. शिवाय मराठी घरातलं गुपित एका माणसापाशी कधीच नसतं. आजीला ठाऊक असतं, आई-बाबांना ठाऊक असतं, मोठ्या आत्याला ठाऊक असतं, शेजारच्या जोशीकाकूंना अर्धं ठाऊक असतं. ज्या एका माणसाचं ते गुपित असतं, तेवढ्यालाच ठाऊक नसतं. त्यामुळे तुमचं काम लपवलेली वस्तू शोधून काढण्याचं नाही. इतकी माणसं इतकी वर्षं एका मुलीभोवती न बोलता कशी वावरली, ते दाखवण्याचं आहे.

यासाठी एकच खूण पुरेल, आणि ती तुमच्या खर्ड्यात आधीपासून आहे, फक्त तुमचं लक्ष गेलेलं नाही. दुसऱ्या प्रकरणात तुम्ही सहज लिहिलंय की शैलाआत्या भाऊबीजेला पारोळ्याहून सकाळी येते आणि संध्याकाळच्या बसने परत जाते. पारोळा ते नाशिक म्हणजे चार-पाच तास सहज जातात. भाऊबीजेला माहेरी आलेली बाई एवढा प्रवास करून त्याच दिवशी परत का जाते? तिला राहायला कुणी नको म्हणत नाही. सगळे आग्रह करतात, आजी सोडून. हे एवढंच ठेवा आणि वाढवा. मोठी आत्या चार दिवस राहते, तिचं अंथरूण माजघरात असतं. शैलाआत्याचं अंथरूण त्या घरात कुठेच पडत नाही. ती रेवाला ओवाळत नाही, पण निघताना तिच्या हातात पाकीट देते आणि त्यातली रक्कम दरवर्षी भाचरांना देतात त्याहून जास्त असते. रेवाच्या आईला ते दिसतं आणि ती स्वयंपाकघरात निघून जाते. वाचकाला या दोन पानांत कळू द्या. हो, रेवाच्या आधी कळू द्या! ही गुप्तहेरकथा नाही. असं पुस्तक हातात घेणारा वाचक ‘काय निघेल’ म्हणून पान उलटत नाही, ‘हिला कळेल तेव्हा ही काय करेल’ म्हणून उलटतो. तुम्ही दोनशे पानं ते त्याच्यापासून लपवून ठेवलंत, त्यामुळे त्याला काळजी करायला काही उरलंच नाही.

रेवाला कळायचं कसं? इथे नाशिक तुमच्या मदतीला येतं.

रामकुंडावर अस्थिविसर्जनाला आणि श्राद्धाला लांबलांबून लोक येतात आणि गावाप्रमाणे, आडनावाप्रमाणे त्यांचे तीर्थोपाध्ये ठरलेले असतात. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या आहेत. कोण आलं, कशासाठी आलं, घरात कोण कोण आहे, हे यजमानाने सांगायचं, उपाध्यांनी लिहून घ्यायचं आणि खाली यजमानाने सही करायची. पुढच्या वेळी त्या घरातलं कुणी आलं की मागचं पान काढून वाचून दाखवतात. पूर्वी पुष्कळदा मुलग्यांचीच नावं सांगितली जायची, त्यामुळे एखाद्या जुन्या पानावर मुलीचं नाव असेल तर ते कुणी तरी आवर्जून सांगून लिहवून घेतलेलं असतं.

आजीचा मृत्यू कादंबरीच्या सुरुवातीला आहे तो राहू द्या. मधल्या भागात शैलाआत्याचे पती वारतात असं करा. मुलं अस्थी घेऊन पारोळ्याहून येतात, रेवा घाटावर त्यांच्याबरोबर असते. मी तुमच्या जागी असतो तर प्रसंग साधारण असा लिहिला असता:

उपाध्यांनी लांबट वही मांडीवर घेतली. “गाव पारोळा ना? थांबा.” पानं उलटता उलटता बोट थांबलं. “हे बघा. दोन हजार चार साली आला होतात, तुमच्या आजोबांचं घेऊन. यजमान सुभाष. पत्नी शैला. अपत्यं रेवा, प्रसाद, रोहित.”

प्रसादने रेवाकडे पाहिलं. “रेवा तर मामांची. चुकून लिहिलं असेल.”

“आम्ही मनानं काही लिहीत नाही. यजमान सांगतात तसं लिहितो.” त्यांनी वही फिरवून पुढे केली. “खाली सही आहे. ओळखता ना वडिलांची?”

बस, एवढंच. कुणी रडत नाही, पावसाची सर येत नाही, मागे आरती सुरू होत नाही. उपाध्ये पुढचं नाव विचारतात, कारण त्यांच्यासमोर अजून चार घरं बसलेली असतात.

यात तुमच्या हाताला काय लागलं ते नीट बघा. पत्रांतून रेवाला नुसती बातमी कळत होती. वहीतून तिला आतोबा कळतात. आत्याला लग्नाआधी मूल झालं होतं हे या माणसाला ठाऊक होतं, आणि वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला असताना, उपाध्यांनी “अपत्यं?” विचारल्यावर, त्याने पहिलं नाव रेवाचं सांगितलं. पारोळ्याच्या घरात तो ते नाव घेऊ शकला नाही, पण त्या वहीत त्याने तिला जागा दिली. तुमच्या कादंबरीतली सर्वात मोठी प्रेमकथा ही आहे, आणि ती सापडते तेव्हा तो माणूस गेलेला असतो. रेवा आणि अजिंक्यचं प्रेम या माणसाच्या उंचीला पोचतं का, हे वाचक आपोआप बघायला लागेल. तुम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

दुसरा कागद वाड्याचा. जुन्या नाशकात, पंचवटीत अजून उभे असलेले वाडे तुम्ही पाहिले असतीलच. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, दरवर्षी कुठे ना कुठे भिंत पडते, आणि तरी वाडा ना दुरुस्त होतो ना विकला जातो, कारण मिळकत पत्रिकेवर दहा नावं, खाली दोन जुने भाडेकरू आणि एकाची सही कधीच वेळेवर मिळत नाही. तुमच्या खर्ड्यातल्या वाड्यात मात्र फक्त तुळशीवृंदावन आणि झोपाळा आहे. त्या वाड्याचा मालक कोण, हे तीनशे पानांत एकदाही येत नाही. ‘घर सापडणं’ या विषयावरच्या कादंबरीत हे यायलाच हवं.

बिल्डरशी बोलणी सुरू होतात असं दाखवा. त्याचा वकील टायटल सर्च करतो, म्हणजे मालकीचे जुने कागद तपासतो, आणि फाइलमध्ये एक हक्कसोडपत्र निघतं: २००१ साली, रेवाचे आजोबा गेल्यावर शैलाआत्याने वाड्यातला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडला आहे, दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवून. अशा दस्तांत नेहमी असतं तसं त्यातही लिहिलेलं आहे, कोणताही मोबदला न घेता, भावावरील प्रेमापोटी. रेवा तेव्हा आठ वर्षांची होती. मुलीने घरात राहावं, घरच्या नावाने शाळेत जावं, कुणी तिला कधी विचारू नये, याची ती किंमत होती. कुणी मागितली नसेल. आत्याने स्वतःहून दिली असेल, आणि भावाने ‘नको’ म्हटलं नसेल. रेवा ज्या खोलीत लहानाची मोठी झाली ती खोली तिच्या आईने सोडलेल्या हिश्श्यात आहे, हे तिला त्या कागदावरून कळतं. वाडा विकायचा की नाही हा प्रश्न तिच्यासाठी त्या क्षणी बदलतो.

कायद्याचा आणखी एक बारकावा सांगतो, कारण मोठ्या आत्याचं पात्र तुम्ही उगाचच खाष्ट केलं आहे आणि तिला खरं कारण मिळू शकतं. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा जन्मजात हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी ज्यांची लग्नं झाली होती त्या मुलींना वगळून. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकीचं लग्न १९९२ चं, दुसरीचं १९९६ चं, आणि कायद्याने दोघींना वेगळं मोजलं. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली तेव्हा हा भेद गेला, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मधली अकरा वर्षं मोठ्या आत्याने काय पाहिलं? धाकटीला जास्त हक्क होता आणि धाकटीने तो फुकट सोडून दिला. एवढ्यावर एका बाईचा स्वभाव कडवट होऊ शकतो, आणि वाचकाला तो समजतोही. छापायला देण्याआधी कागदपत्रांची पानं एखाद्या दिवाणी वकिलाला दाखवून घ्या. नाशकात कादंबरी वाचणारे वकील कमी नाहीत.

आता प्रेमकथा. मैत्रिणींना ती आवडली आणि मलाही बऱ्याच जागी आवडली, पण अजिंक्य शेती करताना दिसत नाही. तो बागेत उभा असतो, बोलतो, बुलेटवर बसून नाशकात येतो. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर ते मार्च या काळात असा रिकामा वेळ नसतो. ही तुम्हाला अडचण वाटेल. मला ती सोन्यासारखी वाटते, कारण द्राक्षाचं वेळापत्रक हेच तुमच्या कादंबरीचं वेळापत्रक होऊ शकतं.

आजी पितृपक्षाच्या सुमारास जाते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, लगेच वेलीच्या डोळ्यांना, कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावायची धांदल, पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या आलेल्या. रेवा आणि अजिंक्यची पहिली भेट इथे, तो भयंकर घाईत असताना. छाटणीनंतर पाऊस आला तर डावणी हा बुरशीचा रोग, दिवसाआड फवारणी, रात्री दहाला फोन आणि बोलता बोलता त्याला लागलेली झोप. भाऊबीज मध्येच येते. मग विरळणी, जीएचं डिपिंग, म्हणजे घड संजीवकात बुडवणं, डिसेंबर-जानेवारीची थंडी, मण्यांची फुगवण, फेब्रुवारीत काढणी, व्यापाऱ्याशी भाव आणि त्याहून मोठी काळजी म्हणजे तो पैसे बुडवणार तर नाही ना. छाटणीपासून माल निघेपर्यंत साधारण चार महिने लागतात. तुमची गोष्टही चार-पाच महिन्यांचीच आहे. एप्रिलमधली खरड छाटणी, म्हणजे बाग पुन्हा मोकळी होते तो काळ, निर्णयासाठी ठेवा. अजिंक्यला तेव्हा कुठे बसून बोलायला वेळ मिळेल.

या सगळ्यात एक रात्र सविस्तर लिहा. निफाडला पारा उतरतो तसा राज्यात फार थोड्या ठिकाणी उतरतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळी बातम्यांत येतो आणि मुंबई-पुण्याची माणसं त्याचं कौतुक करतात. ज्याच्या बागेत मणी भरत आलेले असतात त्याची ती रात्र जागरणाची असते. तो बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून धूर करतो, पहाटे ठिबक चालू करतो, गारठ्याने मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. रामकुंडावरून आलेली रेवा त्या रात्री घरी जाऊ शकत नाही. आई-बाबांसमोर बसणं तिला शक्य नाही. ती निफाडला जाते. अजिंक्यच्या डोळ्यांत धूर गेलेला, हाताला राखेचा काळा थर, तिला जवळ घेऊन समजावायला त्याला वेळ नाही. तो म्हणतो, “त्या टोकाची विझू राहिली. पाचट टाकतेस का?” आणि ती टाकते. पहाटे पाचला चहा होतो, तोवर तिने त्याला काही सांगितलेलं नसतं आणि त्याने काही विचारलेलंही नसतं. मग ती सांगते. तुमच्या खर्ड्यात याच जागी गंगापूर धरणाच्या काठावर चार पानांचा संवाद आहे, त्यात दोघं आपापल्या भावना फार व्यवस्थित समजावून सांगतात. तो काढा. एवढ्या दुःखात माणसं एवढी नीट बोलत नाहीत.

“विझू राहिली” हे मी जाणूनबुजून लिहिलं. नाशिकच्या ग्रामीण भागात “काय करू राहिला”, “जाऊ राहिलो” अशी बोली आहे. अजिंक्य रेवाशी बहुतेक वेळा पुस्तकी मराठीत बोलेल, कॉलेज त्याचं नाशकातच झालंय. वडिलांशी, मजुरांशी, आणि घाईत किंवा घाबरलेला असताना तो बोलीत जाईल. ती दर वाक्याला पेरू नका. तो रेवाशी पहिल्यांदा बोलीत कधी बोलतो, तेवढं लक्षात ठेवून लिहा.

दुरावा कशामुळे येतो, तेही बदलायला हवं. सध्या रेवाला अजिंक्यच्या फोनवर एका मुलीचा मेसेज दिसतो, ती न विचारता पुण्याला निघून जाते आणि पन्नास पानांनी कळतं की ती त्याची मावसबहीण होती. एका प्रश्नाने मिटणारा दुरावा वाचक माफ करत नाही, आणि करूही नये. खरी अडचण तुमच्याजवळ आहे. रेवाची नोकरी पुण्यात आहे. अजिंक्यवर गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज आहे आणि बाग सोडून तो सिन्नर-संगमनेरमार्गे दर आठवड्याला पुण्याला जाऊ शकत नाही. दोघांपैकी एकाला आपली जागा सोडावी लागणार, आणि रेवाला नुकतंच कळलंय की जागा सोडणाऱ्या बाईचं काय होतं. तिला अजिंक्यवर संशय नाही. तिला स्वतःचा हिस्सा सोडायची भीती वाटते. दुरावा यातून येऊ द्या. मग दोघांपैकी कुणीही चुकीचं नसतं, आणि तरी जमत नसतं.

आणखी एका गोष्टीबद्दल स्पष्टच बोलतो. दोघांची जात कुठेच येत नाही. तुम्हाला ती आणायची नव्हती हे कळतं, पण निफाडच्या घरात मुलगी आणल्यावर पहिला प्रश्न आडनावाचा आणि गावाचाच असतो. एकजातीय दाखवा किंवा आंतरजातीय दाखवा, पण तो प्रश्न विचारला जाऊ द्या. तुमच्या पाचव्या प्रकरणात दोघं काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजापाशी भेटतात, दगडी मंडपाचं सुंदर वर्णन आहे. याच मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षं चालला. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हा प्रश्न तुमच्या कादंबरीच्या पोटात असताना ती जागा नुसती भेटीची जागा म्हणून वापरणं मला खटकलं. दोघांपैकी एकाच्या तोंडी एक वाक्य येऊ द्या, किंवा भेट दुसरीकडे न्या. बुधवारच्या बाजारात न्या. घाटावर पाल टाकून बसलेल्या भाजीवाल्यांच्या गर्दीत दोन माणसं ओळखीच्या नजरांपासून जास्त सुरक्षित असतात.

रंगपंचमीची रहाड मात्र नक्की ठेवा, ती जागा तुम्ही झकास लिहिली आहे. वर्षभर रस्त्याखाली बुजवलेला पेशवेकालीन हौद, पूजा करून उघडायचा, रंगाने भरायचा, आणि धप्पा मारायला, म्हणजे आत उडी घ्यायला, रांग. अख्खं जुनं नाशिक तिथे असतं, म्हणजे रेवा आणि अजिंक्य तिथे एकत्र दिसले की ते जाहीर झालं. फक्त ‘बुजवलेल्या गुपितासारखी रहाड’ ही ओळ खोडा. वाचकाच्या मनात ती आपणहून येईल, तुम्ही लिहिलीत की त्याची मजा जाईल.

शेवट. ‘रेवा नाशकात राहते’ हे पटत नाही, कारण सध्या तिला राहायला काहीच द्यावं लागत नाही. वाडा दुरुस्त होतो (पैसे कुठून आले?), कंपनी वर्क फ्रॉम होम देते, आई-बाबा रडून मोकळे होतात, आत्या सुनेसारखी स्वयंपाकघरात वावरायला लागते. इतकं सगळं एकाच वेळी जुळलं की वाचक पुस्तक मिटतो, समाधानाने नव्हे. माझं मत असं आहे की वाडा जाऊ द्यावा. विकताना रेवा बाबांना एकच अट घालते: आत्याचा हिस्सा आत्याला मिळाला पाहिजे. बाबा ती मान्य करतात की नाही, करायला किती दिवस लावतात, रेवाची आई, जिने दुसरीचं मूल तीस वर्षं आपलं म्हणून वाढवलं, ती त्यावर काय म्हणते, हा तुमचा खरा शेवटाकडचा भाग. आईवर अन्याय करू नका. तुमच्या खर्ड्यात गुपित फुटल्यापासून तिला एकही संवाद नाही. रेवाला ताप आला तेव्हा रात्र रात्र जागलेली बाई आहे ती. ‘खरी आई’ हा शब्दप्रयोग तुम्ही आत्यासाठी वारंवार वापरता. निदान निवेदनातून तो काढा. पात्रांना वापरायचा तर वापरू दे, आणि आईच्या कानावर पडू दे.

रेवाचं नवं घर इंदिरानगरला किंवा गंगापूर रोडला दोन खोल्यांचं, भाड्याचं असेना. निफाड तासाभरावर. अजिंक्यबरोबर लग्न ठरलेलं असू द्या, या प्रकारच्या कादंबरीचं वाचकाला दिलेलं ते वचन आहे आणि ते मोडण्यात काही थोरपणा नाही. मात्र लग्नाचं प्रकरण लिहू नका. त्याऐवजी पुढची भाऊबीज लिहा. शैलाआत्या सकाळी येते, सवयीने संध्याकाळच्या बसची वेळ विचारते, आणि रेवा पलंगाखालून गादी ओढते. ती कुठे अंथरायची यावर दोघींचं थोडं भांडण होऊ द्या. आत्याला भिंतीकडची जागा नको असते, पंखा लागतो. तुमची कादंबरी तिथे संपते, आणि अजिंक्य त्या दिवशी बागेत छाटणीवर आहे, म्हणून उशिरा येणार आहे. हेही तिथेच, एका वाक्यात.

या सगळ्या बदलांनी तुम्ही घाबरून जाल, म्हणून कामाचा क्रम सांगतो. सगळा खर्डा एकदम उघडू नका. पहिल्यांदा फक्त दुसऱ्या प्रकरणातली भाऊबीज, आजी हयात असतानाची, नव्याने लिहा, आठ-दहा पानं, आत्या, आई, आजी आणि ते पाकीट. त्यात ‘गुपित’, ‘रहस्य’, ‘सत्य’ यातलं काही येता कामा नये. ती पानं त्याच मैत्रिणींना पुढचं-मागचं न सांगता वाचायला द्या आणि एवढंच विचारा की आत्या लवकर का निघाली. त्यांनी बरोबर ओळखलं तर वहीचा प्रसंग आणि हक्कसोडपत्र कुठे बसवायचं ते तुम्हाला आपोआप दिसेल. नाही ओळखलं तर त्या पानांवरच अजून काम करा, पुढे जाऊ नका. चुलत्याची सहा प्रकरणं मात्र आजच बाजूला काढा.